बाराची घंटा

मठ, आगाशी
ता. ९ जानेवारी २०२५

ती. रोवेनाताईस,
डिलनचा शि. सा. न.

इथे मोबाईल जमा असतो, म्हणून पत्र पाववाल्या बर्नार्डकाकांबरोबर पाठवतो.

काल नालासोपाऱ्याहून तीन बौद्ध भन्ते आले. ध्यान आणि प्रार्थना यांविषयी ते चार दिवस आमच्या फादरांशी बोलणार आहेत. भन्ते बारानंतर जेवत नाहीत, हे मी विचारून घेतले होते. साडेअकरालाच भात, वरण, भाजी टेबलावर मांडली. पण हातात दिल्याशिवाय ते काही घेत नाहीत, हे मला माहीत नव्हते. आमच्याकडे जेवताना मौन, नजर ताटात. त्यांना वाटले, आमची काही प्रार्थना राहिली असेल. ते वाट पाहत बसले. बाराची घंटा झाली. ती मीच वाजवली.

संध्याकाळी थोरल्या भन्त्यांना चक्कर आली, तेव्हा सगळे कळले. मला कोणी रागावले नाही, तेच जास्त लागले. मला मठात घ्यायचे की नाही, हे फादर निकोलस रविवारी ठरवणार. नववी नापास मुलाला आता कशाला घेतील? कालपासून मीही जेवलेलो नाही. कोणाला सांगू नकोस.

राग आला तरी लोभ सोडू नकोस.
तुझा, डिलन

पाचूबंदर
ता. १० जानेवारी

चि. डिलन यास अ. उ. आ.

पत्र मासळीच्या लिलावात उभ्या उभ्या वाचले. घरी बोंबील नसले की ताट सरकवायचास, आणि तिथे संत झालास होय? पोरगा रविवारी मठाचा होणार, असे डॅडींनी अख्ख्या बंदराला सांगून ठेवले आहे. त्यांच्यासाठी तरी जेव. आणि फादरांना सरळ सांग.

इकडे जीव लागून आहे, हे विसरू नकोस.
तुझी ताई

मठ, आगाशी
ता. १२ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझे ऐकले नाही. काल थोरल्या भन्त्यांना वाढताना माझा हात थरथरला. त्यांनी पात्रावर हात ठेवला आणि भर मौनात विचारले, तुम्ही जेवलात का. मी नियमाप्रमाणे गप्प. शेवटी फादर निकोलसच बोलले, की हा बुधवारपासून उपाशी आहे आणि हे मला आचाऱ्याकडून कळले. भन्त्यांनी मला शेजारी बसवले. मी जेवेपर्यंत पात्रावरचा हात काढला नाही. बारा वाजत आले होते. मी भराभर गिळले.

आज फादर म्हणाले, यंदा नाही. मला वाटले, बुधवारच्या चुकीमुळे. ते म्हणाले, ती कोणाच्याही हातून झाली असती. पण इथे जन्मभर एकमेकांशेजारी गप्प राहायचे असते, आणि जो दुखणे लपवतो त्याच्या गप्प राहण्याची त्यांना भीती वाटते. वर्षभर घरी राहा, मग ये.

मंगळवारी येतो. डॅडींना तू काही सांगू नकोस. मी सांगेन.

दारात येईन तेव्हा माया आहे तेवढीच असू दे.
तुझा, डिलन