एदिलेउझाचं स्वच्छ नाव

१ मार्च

कर्जदार भावांनो, कर्जदार बहिणींनो! सकाळी सातच्या ठोक्याला ज्यांचा फोन वाजतो आणि पलीकडची मुलगी गोड आवाजात ज्यांचं पूर्ण नाव विचारते, ते तुम्ही! ज्यांनी फ्रिज एक घेतला आणि पैसे तीन फ्रिजचे भरले, ते तुम्ही! ज्यांची पेन्शन हातात पडण्याआधीच अर्धी कापली जाते, ते तुम्ही! आपल्याला चोर कोण म्हणतं? ज्यांनी चोरी केली तेच!

(इथे थांबायचं. टाळ्या. पाणी प्यायचं.)

कर्जदार आघाडीच्या स्थापनेचं भाषण. उतरलंय झकास. सत्तावीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली, पण युनियनच्या सभेत वाल्देसिर उभा राहिला की अख्खा डेपो ऐकायचा. रेसिफे शहराच्या या टोकाला असा आवाज दुसरा नाही.

झिल्देतीला वाचून दाखवलं. मक्याचं कुसकुस वाफवत होती. म्हणाली, छान आहे रे, पण आपलं एकूण कर्ज किती, ते कुठे आलं यात? मी म्हणालो, आकडा ही शत्रूची भाषा आहे. ती म्हणाली, शत्रूचा फोन रोज मीच घेते, मला येते ती भाषा.

बायकोला चळवळीची समज नाही. माणूस चांगली आहे.

संकल्प : आघाडी जिंकेपर्यंत एकही हप्ता भरायचा नाही. हे तत्त्व आहे. खिशात पैसे नाहीत हा निव्वळ योगायोग.

४ मार्च

आघाडीला स्पीकर हवा. उघड्या घशाने क्रांती होत नाही. बाजारातल्या दुकानात एक पाहिला. कमरेइतका उंच, खाली चाकं, पुढे लाल-निळे दिवे, बिनवायरचा माइक. बारा हप्ते, नव्वद रेआलचा एक. दर महिन्याच्या दहा तारखेला.

अडचण एकच. माझं नाव मळलेलं. चार वर्षांपासून काळ्या यादीत आहे, दुकानदार कॉम्प्युटरवर बघतो आणि मान हलवतो. झिल्देतीचं नाव शेगडीपायी मळलं. सासूबाईंचं गादीपायी. सासूबाई वारल्या, तरी त्यांच्या नावाने पत्रं येतात.

आमच्याकडे शेजाऱ्याला मीठ, शिडी आणि नाव उसनं देतात. ज्याचं नाव स्वच्छ त्याने सही करायची, हप्ते ज्याची वस्तू त्याने भरायचे. गरिबांची बँक आहे ही! जगातली एकमेव प्रामाणिक बँक!

घरात आता एकच नाव स्वच्छ उरलंय. मुलीचं.

६ मार्च

एदिलेउझाला भेटलो. दुसरीच्या पार्लरमध्ये केस कापते, निम्मी कमाई मालकिणीला देते. बत्तीस वर्षांची झाली. कोपऱ्यावरचा सेउ अमारोचा गाळा एक जुलैला रिकामा होतोय. तो तिला हवाय. दोन आरसे, एक बेसिन, स्वतःची पाटी. म्हातारा अमारो भाडेकरूचं नाव तपासल्याशिवाय किल्ली देत नाही.

म्हणाली, पाईन्यो, जुलैमध्ये मला नाव लागणार आहे, तेवढं लक्षात ठेव. ही बापाला अजून लहानपणीसारखी पाईन्यो म्हणते. मी म्हणालो, पोरी, मी पाच हजार कामगारांना शब्द दिलाय. ती म्हणाली, मग पाळलास का? मी म्हणालो, संप फुटला तो इतरांमुळे.

हसली. सही केली.

वक्त्याचा शब्द. दर दहा तारखेला नव्वद. हा हप्ता तत्त्वाबाहेरचा, कारण तो आपल्या माणसाचा.

२३ मार्च

स्थापना सभा. वस्तीच्या हॉलमध्ये पन्नास खुर्च्या लावल्या. उपस्थिती : सेउ इरिनेउ, ज्याला घरी पंखा नाही, दोना किटेरिया, जिला वाटलं केक आहे, आणि झिल्देती, हॉलची किल्ली परत करायची होती म्हणून. निवडक पण जागरूक श्रोते.

पंचेचाळीस मिनिटं बोललो. बॅबिलोनचा दाखला दिला. तिथला राजा गादीवर बसला की कर्जाच्या मातीच्या पाट्या फोडून टाकायचा! सेउ इरिनेउने विचारलं, आपला राजा कधी बसणार? मी म्हणालो, आपणच राजे. तो म्हणाला, मग फोड ना.

शेवटी दोना किटेरियाने हात वर केला. म्हणाली, कोर्टाच्या आवारात मोफत मदत केंद्र आहे, माझा भाचा गेला होता. सगळी बिलं घेऊन जायचं. ते सगळ्या सावकारांना एका टेबलाशी बसवतात, आपल्याला जगायला लागतं तेवढं बाजूला काढतात आणि उरलेल्यात हप्ते ठरवतात.

मी ताडकन उठलो. म्हणालो, बाई, आपण न्याय मागतोय, सवलत नाही! माइक शिट्टी मारू लागला, म्हणून पुढचं कोणाला ऐकू गेलं नाही.

झिल्देतीने केंद्राचा पत्ता हातावर लिहून घेतला. मी पाहिलं.

१० एप्रिल

पहिला हप्ता. पेन्शन आली, कापून आली. उरल्यातून पत्रकं छापली. पाचशे प्रती. चळवळीला विश्रांती नसते.

मे महिन्यात दोन एकदम भरू. हिशेबाला तेच सोपं.

१८ एप्रिल, सकाळी ७.०५

फोन. नवी रणनीती. सांगितलं, वाल्देसिर वारले. फोनवरची मुलगी म्हणाली, अरेरे, कशाने गेले? मी म्हणालो, तुमच्या व्याजाने. फोन ठेवला. ऐतिहासिक विजय.

१९ एप्रिल, सकाळी ७.०५

तीच मुलगी. आधी दुःख व्यक्त केलं, मग विचारलं, मृत्यूचा दाखला कधी पाठवताय आणि वारस कोण.

फोन कट केला. वारस एदिलेउझा आहे.

१० मे

झिल्देतीचा दात. दातापुढे तत्त्व नाही. जूनमध्ये तीन.

२२ मे

एदिलेउझाच्या नावाने दुकानाचं पत्र आलं. पत्ता आमच्या घरचा दिलेला, हे बरं झालं. दहा दिवसांत भरा, नाहीतर नाव यादीत जाईल. धमकी! कागदावर छापलेली धमकी!

पत्र स्पीकरखाली सरकवलं. तिला उगीच काळजी नको. बाप आहे.

३० मे

दुकानात गेलो. खिशात शंभर. म्हणजे एक हप्ता आणि बसभाडं. काउंटरवरच्या माणसाने सांगितलं, दोन्ही हप्ते दंडासकट भरा, तर थांबवतो. एक घेऊन मला काही थांबवता येत नाही.

मग मी बोललो. वीस मिनिटं. रांग वळून ऐकत होती. एका आजीने टाळ्या वाजवल्या. कर्मचाऱ्याने माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, बोलता छान हो तुम्ही, आता बाजूला व्हा, मागच्यांना बिलं भरायचीत.

अर्धा न्याय हा न्याय नव्हे. हप्त्याचे नव्वद खिशातच राहिले. येताना सणासाठी मका घेतला. स्वस्त होता.

१० जून

पेन्शन आली. हप्ता : विचाराधीन.

२३ जून

सेंट जॉनची होळी. गल्लीत शेकोट्या, भाजलेली कणसं, मक्याची खीर. स्पीकर दारात काढला. मनात म्हटलं, आज जनता आपणहून आली आहे. तीनेक वाक्यं झाली असतील, तेवढ्यात सेउ इरिनेउने माइक काढून घेतला आणि अॅकॉर्डियनची गाणी लावली. सगळी गल्ली पहाटेपर्यंत नाचली.

एदिलेउझाही नाचली. माझ्याबरोबर. म्हणाली, पाईन्यो, भारी आहे रे तुझा डबा. आणि म्हणाली, एक तारखेला अमारो किल्ली देतोय, आरसे बघून ठेवलेत, एकाला थोडी चीर आहे म्हणून स्वस्तात मिळतोय.

मी म्हणालो, वा.

दुसरं कणीस भाजायला घेतलं.

२८ जून

नोंद थोडक्यात. म्हातारा अमारो कॉम्प्युटरवर बघून आला. नाव यादीत. गाळा मोबाइल दुरुस्तीवाल्याला दिला.

एदिलेउझा घरी आली. ओरडली असती तर उत्तर देता आलं असतं. माझ्याकडे ओरडण्याला उत्तरं आहेत. तिने विचारलं, किती हप्ते राहिले? मी म्हणालो, दोन. झिल्देती आतून म्हणाली, तीन. एदिलेउझाने विचारलं, पत्र आलं होतं का? मी सांगू लागलो की दुकानाची पद्धतच मुळात बेकायदेशीर आहे आणि आघाडी याविरुद्ध... ती म्हणाली, पाईन्यो, माइकवर नाही, मला सांग. आलं होतं का?

स्पीकर उचलून पत्र दिलं. तिने वाचलं. घडी घालून पर्समध्ये ठेवलं. म्हणाली, नाव माझं होतं ना रे.

गेली. कुसकुस तसंच राहिलं.

(या परिस्थितीला व्याजाचे दर जबाबदार आहेत. हे मी अजूनही म्हणेन. पण आज नाही.)

३ जुलै

झिल्देतीने सकाळी पिठाचा डबा पालथा केला. आत पीठ नव्हतं. पावत्या, पत्रं, हप्त्यांच्या पुस्तिका, चार वर्षांच्या, रबर लावून, महिन्यावार. म्हणाली, चपला घाल. मी म्हणालो, कुठे? म्हणाली, बॅबिलोनला.

मदत केंद्र. टोकन एकतीस. भिंतीला लागून बाकं, बाकांवर माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर पिशवी. चार महिने मी भाषणात ज्यांना शोधत होतो ती सगळी इथे, चुपचाप टोकन धरून. पन्नास जागा, एकही रिकामी नाही. इतकी गर्दी मला कधी जमवता आली नाही.

टेबलाशी बसलेल्या बाईचं नाव दोना इव्होनेची. माझ्या वयाची, चष्मा दोरीत अडकवलेला. मी सुरुवात केली : बाई, आम्ही इथे भीक मागायला आलेलो नाही. ती म्हणाली, बरं, मग पेन्शनची पावती द्या. मी म्हणालो, या व्यवस्थेने... ती म्हणाली, व्यवस्थेचा रकाना शेवटी आहे, आधी शेगडी.

दोन तास. एकेक पुस्तिका. मी उत्तर द्यायचो, झिल्देती दुरुस्त करायची. शेवटी दोना इव्होनेचीने कागद माझ्याकडे फिरवला. आकडा. चार वर्षं जो पाहिला नाही तो. सांगतो, माणूस मरत नाही त्याने. मला वाटलं होतं मरतो.

मग तिने विचारलं, यात नावं किती जणांची? मी मोजली. माझं, झिल्देतीचं, सासूबाईंचं, मुलीचं. तिने पेन खाली ठेवला. म्हणाली, सेउ वाल्देसिर, व्याज लुटारूंचं आहे, तिथे मी तुमच्या बाजूने भांडते, माझं कामच आहे ते. पण ही सही तुम्ही घेतलीत.

पेन मी उचलून तिच्या हातात दिला.

५ जुलै

स्पीकर विकला. पलीकडच्या प्रार्थना मंडळाला, चारशेला. मोलभाव झिल्देतीने केला, मला म्हणाली, तू बोलू नकोस. तीन हप्ते आणि दंड भरून टाकला. एदिलेउझाचं नाव काही दिवसांत यादीतून निघेल म्हणतात. उरलेले नऊ हप्ते केंद्राच्या तक्त्यात सगळ्यात वर लिहिलेत. बाकीच्यांची तारीख ऑगस्टमध्ये, सगळे सावकार एका टेबलाशी. मी बोलणार आहे. दोना इव्होनेची म्हणाली, दोन मिनिटं.

पाच मागितली. दोन.

१० जुलै

केस कापायला एदिलेउझाकडे गेलो. त्याच पार्लरमध्ये, त्याच मालकिणीच्या खुर्चीत. मान धरून नेहमीसारखी सरळ केली. कानामागचे केस नीट काढले. मी सांगितलं, सगळं भरलं. ती हं म्हणाली. मी सांगितलं, पुढच्या वर्षी दुसरा गाळा, त्याहून मोठा. ती म्हणाली, हलू नकोस, कान कापला जाईल.

उठलो. कापड झटकलं. मग तिने वीस रेआल मागितले.

आयुष्यात पहिल्यांदा. तिच्या पहिल्या कात्रीपासून माझे केस तीच कापते आहे. दिले. तिने सुटे परत केले, मोजून.

व्यवहार म्हणून बरोबर आहे. इतर गिऱ्हाइकांनाही तेवढेच पडतात.

१४ जुलै

केंद्रात कागद द्यायला गेलो होतो. बाकावरच्या लोकांना कोणीतरी सांगितलं की हा युनियनचा वक्ता. बोला म्हणाले. उभा राहिलो. माइक नाही, दिवे नाहीत. व्याजावर बोललो, लुटारूंवर बोललो, आणि चांगला बोललो, एक शब्दही मागे घेत नाही. टोकन चोवीस पुकारलं तेव्हा तिसऱ्या वाक्यात होतो. चोवीसवाली उठून गेली, बाकीच्यांनी आपापली टोकनं पाहिली. खाली बसलो.

खरी नोंद ही नाही. खरी नोंद परतीच्या बसची आहे. खिडकीशी बसलो होतो, रस्त्यात एका दुकानाच्या काचेमागे तसलाच स्पीकर. नवा. हँडलसकट. आणि मनात आपोआप आलं, अगदी सहज, जसं भूक लागल्याचं येतं तसं : झिल्देतीची धाकटी बहीण मारिनेती. तिने आयुष्यात काही हप्त्यावर घेतलं नाही. तिचं नाव कसं असेल? धुतलेल्या चादरीसारखं.

दोन स्टॉप मी हिशेब करत होतो. ऑगस्टच्या त्या दोन मिनिटांना माइक लागेल. दहा हप्ते. दर महिन्याला नक्की. तिसऱ्या स्टॉपला मला माझीच भीती वाटली.

मी त्या दुकानांना घाबरत नाही. त्या मुलीच्या फोनला घाबरत नाही. चार वर्षं मला वाटलं की लढाई तिकडे आहे, आणि ती आहेच, तिकडे मी शेवटच्या श्वासापर्यंत भांडेन. पण आज बसमध्ये जो माणूस बसला होता त्याच्याशी कोण भांडणार?

मारिनेती, ही वही तू वाचणार नाहीस, तरी सांगतो. रविवारी मी तुझ्याकडे जेवायला येणार आहे. बॅबिलोन सांगेन, पोरांना हसवेन, तुझ्या माशाची तारीफ करेन. मग जेवणानंतर खुर्ची जवळ ओढून म्हणेन की थोडंसं काम होतं, फक्त एक सही.

मारिनेती, सही करू नकोस.