निळ्या ओठांच्या तारखा

५ जानेवारी १९९७, सकाळी ७
आमचे मेहुणे कमलाकर सुकापुरात सांगत सुटले आहेत की, आमच्या मुलीचे, आभाचे, हृदय पुन्हा उघडणार. साफ चूक. हृदय उघडले ते १९७६ साली, ती पाच वर्षांची असताना. त्या वेळी वरच्या अंगातले अशुद्ध रक्त थेट फुप्फुसांकडे वळवले होते. आता एक आडवाटेची शीर रुंदावली असून ते रक्त फुप्फुसे टाळून परस्पर हृदयात शिरते; म्हणून ओठ निळे. मानेतून बारीक नळी घालायची, शिरेत तारेचे वेटोळे बसवायचे, शीर बंद. टाकासुद्धा नाही.

८ जानेवारी
डॉक्टरांसाठी आभाच्या आजाराचा वृत्तान्त लिहिला. फुलस्केप, अकरा पृष्ठे, समास सोडून. दम लागण्यास आरंभ : गणेशोत्सव १९९६, आरतीच्या वेळी. शशिकलेने विचारले, त्याआधीचे काय? आधी काहीही नव्हते. पत्नीची स्मरणशक्ती हल्ली दगा देते.
संकल्प : घरात एक तरी माणूस धीराचा हवा. तो मी.

१३ जानेवारी, मुंबई, रुग्णालय
डॉक्टरबाईंनी पहिलेच पृष्ठ वाचले. इतकी रुंद शीर चार महिन्यांत होत नाही, म्हणाल्या. मी दुसरे पृष्ठ वाचण्याची विनंती केली. तेवढ्यात आभा खाटेवरून हसत म्हणाली, "डॉक्टर, जिना चढताना बाबा दोन वर्षं प्रत्येक मजल्यावर सँडलचं बक्कल लावायला थांबतात. मला दम खाता यावा म्हणून. पायात त्यांच्या चपला असतात."
वृत्तान्त पिशवीत ठेवला.

१४ जानेवारी
आभाला नेले त्या खोलीच्या दाराशी उभे राहण्याचा निश्चय होता. दहा ते साडेअकरा जिन्यात बसलो. चक्कर नव्हे, तेथे वारा बरा होता. १९७६ साली अशाच दाराआड ती 'बाबा, बाबा' करत गेली होती. ते दार पुन्हा नको होते.
दोन वेटोळी बसली. रक्तातला ऑक्सिजन ७६ टक्क्यांवरून ८७. डॉक्टरबाई म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर... वाक्य त्यांनी पूर्ण केले नाही. मीही केले नाही.

१६ जानेवारी, पनवेल
आभा जिना चढून आली. एकदाच थांबली, तेही माझ्यासाठी.
वृत्तान्ताची शुद्ध प्रत. केवळ तारखा.
दम लागण्यास आरंभ : गणेशोत्सव १९९६ नव्हे, दिवाळी १९९४.
आईच्या ध्यानात आले : डिसेंबर १९९४.
वडिलांच्या ध्यानात आले : दिवाळी १९९४, पहिल्याच दिवशी.
वडिलांनी डॉक्टरांना सांगितले : तारीख उपलब्ध नाही.