चौतीस इंचांची डावी बाजू

२ मार्च, रविवार

मेव्हण्याकडून कॉम्प्युटरवर सलग अकरावी रेस हरलो. खरं तर मी हरलोच नाही, माझा मॉनिटर हरला. एकोणीस इंची, जवळजवळ चौकोनी. पाटाएवढ्या खिडकीतून मैदान बघावं तसं. मेव्हण्याकडे हे एवढं धूड आहे. त्याची गाडी दर वेळी डावीकडून येते, शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही, आणि दिसते तेव्हा पुढे गेलेली असते. फोनवर विचारतो, भाऊजी, हॉर्न वाजवत येऊ का. या माणसाला बारावी सुटायला दोन वर्षं लागली होती.

निश्चय: अल्ट्रावाइड, म्हणजे आडवा लांबलचक, मॉनिटर घेणे. मी काही गेमर वगैरे नाही. रविवारी दोन तास, विरंगुळा म्हणून. पण विरंगुळ्यालाही काही इज्जत असते.

बायको म्हणाली, आधी डोळे तपासून घ्या, चष्म्याला सहा वर्षं झाली. ती ग्रंथालयात आहे, त्यामुळे तिला सगळ्यातलं सगळं माहीत असतं. छापखान्यात बावीस वर्षं मी लेबलं तपासतोय. निळ्यात चिमूटभर लाल जास्त पडला तरी मला उभ्या उभ्या कळतं. डॉक्टरांनीच आपली अक्षरांची पाटी माझ्याकडून तपासून घ्यावी.

५ मार्च

अभ्यास सुरू. लोक किती उथळ असतात ते इंटरनेटवर कळतं. एक म्हणतो वक्र स्क्रीनशिवाय जगणं नाही. दुसरा म्हणतो वक्र म्हणजे फसवणूक. दोघांच्याही शुद्धलेखनाच्या चुका.

माझे निष्कर्ष: एकोणतीस इंची म्हणजे साधाच मॉनिटर, वरून कात्री लावलेला. एकोणपन्नास इंची म्हणजे दाखवेगिरी. त्याला टेबल नव्हे, ओटा लागतो. चौतीस. वक्र. संपला विषय. लोक महिनोन्महिने घोळ घालतात, मी एका संध्याकाळी संपवलं.

मेव्हण्याला कळवलं. त्याने विचारलं, तुमचं ग्राफिक्स कार्ड एवढं ओढेल का. मी विषय बदलला. (बघायला हवं.)

७ मार्च

खोकल्याच्या औषधाची लेबलं परत आली. डाव्या कडेला लाल रंग दीड मिलिमीटर सरकलेला. नमुना शीटवर माझी सही. म्हणजे मी बघितल्यावर मशीनमनने काहीतरी हलवलं, दुसरं काय असणार?

हा मशीनमन म्हणजे मौनी. नाव मीच ठेवलंय. दिवसाला पाच शब्द, त्यातले दोन ‘हो साहेब’. अलीकडे त्याने नवाच उर्मटपणा सुरू केलाय. शीट माझ्यापुढे ठेवतो आणि डाव्या कोपऱ्यावर बोट टेकवून उभा राहतो. मी तिकडे बघेपर्यंत बोट काढत नाही. जणू मला शीट कुठून कुठपर्यंत असते ते शिकवतोय.

मॅनेजरला लेखी दिलं: निष्काळजी, शिवाय वृत्तीने उद्धट. सोमवारपासून मौनी कटिंगला. तिथे मशीनही त्याच्याशी बोलणार नाही.

९ मार्च, रविवार

मॉनिटर आणला. दुकानदार हे एक स्वतंत्र प्रकरण. मी ‘कॅज्युअल गेमिंग’ म्हटल्याबरोबर त्याने लहान मुलांना दाखवतात तसे दोन स्वस्तातले दाखवले. मी पॅनेलबद्दल चार प्रश्न विचारले, तर म्हणाला, साहेब, घरी जाऊन सुखाने खेळा की.

दुकानात डावीकडचा भाग जरा फिका वाटला. तो म्हणाला दाराच्या काचेतून उजेड येतो. पटलं.

येताना फाटकाच्या खांबाला स्कूटरचा डावा आरसा लागला. या महिन्यात दुसऱ्यांदा. फाटक बांधणाऱ्याने कधी स्कूटर पाहिलीच नसावी.

१० मार्च

फसवणूक. समोर नजर ठेवून खेळलं की डावीकडचा एक तृतीयांश भाग धुकट, मेल्यासारखा. तिकडे मान वळवली की ठीक. म्हणजे दोषही लबाड आहे, बघितलं की लपतो.

१२ मार्च

बदलून आणला. नवाही तसाच. अख्खा लॉटच खराब.

१३ मार्च

दुकानात गेलो, आवाज चढवला. दुकानदाराने दोन्ही शेजारी शेजारी लावले आणि उभ्या असलेल्या तीन गिऱ्हाइकांना विचारलं. तिघंही म्हणाली, छान दिसतंय. गिऱ्हाइकं त्याचीच, ती काय वेगळं सांगणार. एक बाई मला म्हणाल्या, काका, तुम्ही थोडं बसा. मी त्रेपन्नाचा आहे. काका कशाला?

वेगळ्या कंपनीचा घेऊन आलो. दुकानदार म्हणाला, आता मात्र परत आणू नका. जसं काही मी हौसेने चकरा मारतोय.

१५ मार्च, शनिवार. संध्याकाळ

हाही तसाच.

बायको शेजारी येऊन बसली. तिला सगळं एकसारखं दिसतं. साहजिक आहे, तिला रंगातलं काय कळतं. मग म्हणाली, मॉनिटर उलटा करून बघा, दोष त्याचा असेल तर उजवीकडे जाईल. सूचना बरी होती. मलाही सुचणारच होती.

उलटा केला. गाड्या आभाळातून लोंबायला लागल्या, पण धुकं डावीकडेच.

मी विचार केला. डावीकडच्या भिंतीत वायरिंग आहे, त्याचा परिणाम. टेबल समोरच्या भिंतीला नेलं. दोघांनी मिळून ओढलं, फरशीवर दोन ओरखडे. धुकं डावीकडेच. खिडकीपाशी नेलं. डावीकडेच.

मी म्हटलं, या घराचीच वीज खराब आहे.

बायकोने माझ्या उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि विचारलं, बोटं किती. मी म्हटलं पोरखेळ नको. तिने परत विचारलं. मी म्हटलं, आधी हात तरी वर कर. ती म्हणाली, केलाय.

नंतर स्वयंपाकघरात कोणाशी तरी फोनवर हळू आवाजात बोलत होती. स्कूटरची किल्ली खुंटीवर नाही. शोधतोय.

१८ मार्च

छापखान्यात तक्रारींची रांग. मौनीला हलवल्यापासून तीन कामं परत आली. शांपू, लोणी, आणि झुरळांच्या औषधाचं लेबल. सगळीकडे डावी कड. नवीन मशीनमनही तसलाच दिसतो. मॅनेजरला म्हटलं, इथे सगळे एकजात आंधळे भरलेत.

तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

२० मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. केवळ बायकोचं मन राखायला.

डॉक्टरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. म्हणजे मला मुलगी असती तर. एका पांढऱ्या वाडग्यात डोकं घालायचं, एक डोळा झाकायचा, समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवायची, आणि कुठेही दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. गेमच की. मेव्हण्याला इथे आणायला हवा होता. माझं बटण विजेसारखं चाललं. मधे मधे मात्र बराच वेळ दिवाच येईना. मशीन जुनं असावं, तसं मी सांगितलंही.

मग कागद निघाला. दोन गोल. एकाचा अर्ध्याहून जास्त भाग काळा, दुसऱ्याच्या डाव्या कडेला काळ्याची सुरुवात. छपाई गचाळ. डावीकडे शाई जास्त लागलीय, असं मी त्यांना दाखवून दिलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, ती शाई नाही.

२१ मार्च

काचबिंदू. डावा डोळा बराचसा गेलाय, उजव्याची डावी बाजू जायला लागलीय. गेलेलं परत येत नाही. उरलेलं राखायचं. रोज थेंब, कायम. स्कूटर बंद. दुखत नाही, त्यामुळे कळत नाही, असं त्या म्हणाल्या. किती वर्षांपासून, विचारलं. म्हणाल्या, आज सांगता येणार नाही, पण बरीच.

घरी येताना रिक्षात बायको माझ्या डावीकडे बसली होती. मला वाटत होतं ती रडतेय. मान वळवून बघितलं नाही.

२६ मार्च

पाच दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं.

थेंब मी स्वतः घालतो. सोपं आहे. आज तीन गालावर पडले, एक कानात. बाटलीचं तोंड चुकीचं केलंय. पाचवा बायकोने घातला.

२७ मार्च

मौनीचं मॅनेजरला सांगायला हवं. आज सांगणार होतो. मॅनेजर गडबडीत होता.

२८ मार्च

मॅनेजर गडबडीत नव्हता. माझं डोकं दुखत होतं.

२९ मार्च

आज शनिवार, अर्धा दिवस. अर्ध्या दिवसात असले विषय काढू नयेत. बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, त्याच्या पगारातून ओव्हरटाइम गेला असेल ना. एवढंच बोलली आणि पोळ्या लाटत राहिली. माझं जेवण झालं नाही नीट.

३१ मार्च, सोमवार

सांगितलं.

मॅनेजरने ऐकून घेतलं आणि मौनीला बोलावलं. तो कटिंगवरून हात पुसत आला. मी डोळ्यांचं सांगितलं, सहीचं सांगितलं, लेखी दिलेलं मागे घेतो म्हणालो. बावीस वर्षांत मला एवढं सलग बोलायची सवय नाही. म्हणजे चूक कबूल करायची नाही.

मौनी म्हणाला, मला माहीत होतं साहेब.

आणि मग तो बोलला. पाच शब्दांत नव्हे, चांगला पाच मिनिटं. गेल्या वर्षापासून त्याच्या लक्षात आलं होतं की मी डावीकडच्या खुणांवर नजर न टाकताच सही करतो. तेव्हापासून शीट माझ्यापुढे आणायच्या आधी डावा अर्धा भाग तोच भिंगाखाली बघायचा. एखादं बारीक काही राहिलंच तर तिथे बोट ठेवायचा. खोकल्याच्या औषधाचं लेबल निघालं त्या दिवशी त्याच्या आईला दवाखान्यात न्यायचं होतं. तो दोन तास नव्हता. शीट दुसऱ्याने आणली.

मॅनेजरने विचारलं, आम्हाला का नाही सांगितलंस.

तो म्हणाला, साहेबांची नोकरी आहे. नजर कमी झाली म्हणून सांगायला कसं जाणार.

मी चष्मा काढून पुसला. त्या खोलीत फार धूळ आहे.

१ एप्रिल

मौनी परत मशीनवर. नवीन नियम: प्रत्येक शीटवर दोन सह्या. डाव्या अर्ध्यावर त्याची, उजव्यावर माझी. पद वरिष्ठ तपासनीसच राहील, असं मॅनेजर दोनदा म्हणाला. एकदा पुरे होतं.

मौनीची आई कशी आहे, ते विचारलं. बरी आहे साहेब, म्हणाला. तीन शब्द. मूळ पदावर आला.

६ एप्रिल, रविवार

मॉनिटर दुकानदार परत घेत नाही. त्याचं बरोबर आहे, मॉनिटरमध्ये दोष नाही. (हे फक्त इथे लिहितोय.) बायको म्हणाली राहू दे, लांब बसून बघू. लांब बसलं की बराचसा मावतो. ग्राफिक्स कार्ड मात्र ओढत नाही, चित्र अडखळतं. मेव्हण्याने हे पाच मार्चलाच विचारलं होतं, पण त्याला ते सांगून डोक्यावर बसवण्यात अर्थ नाही.

सकाळी अकराला त्याचा फोन आला. आवाज नको तितका गोड. त्याच्या बहिणीने सगळं सांगितलेलं असणार. म्हणाला, भाऊजी, एक रेस टाकू या का. मी म्हटलं, टाक, आणि दया वगैरे दाखवलीस तर कनेक्शन कापीन. तो म्हणाला, छे, दया कसली, हरवणारच आहे.

रेस झाली. त्याची गाडी आज उजवीकडूनच आली, आणि पूर्ण वेळ उजवीकडेच राहिली, मला नीट दिसेल अशी. शेवटच्या वळणावर तो पुढे होता. मग त्याची गाडी हळू झाली आणि कडेला जाऊन थांबली. मी पुढे गेलो.

जिंकलो. बाराव्यांदा खेळून पहिल्यांदा.

फोनवर म्हणाला, काय करणार भाऊजी, पेट्रोल संपलं.

या गेममध्ये पेट्रोल नसतंच. मी त्याला म्हटलं, होतं असं कधीकधी.