करपलेल्या पातेल्याचा फोटो

चिमे,

रेसिपीचा ब्लॉग मी एकटीने धडपडत उभा केला. रंग कुठला, फोटो कोणता, सगळं माझं मी शिकले. आणि तू तिकडे बसून, मला न विचारता, करपलेल्या पातेल्याचा फोटो काढून टाकून कुणाचा तरी चकाचक ओटा लावलास! वर निरोप काय, तर "आई, आता कसं प्रोफेशनल दिसतंय!"

डोंबल तुझं! तुझे बाबा गेले, त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी माझ्यासाठी सूप करायला घेतलं आणि ते पातेलं करपवलं. मी अजून घासलेलं नाही. तुला सांगणार कधी? तू फोन कुठे करतेस!

फोटो परत लावलाय, पासवर्ड बदललाय. हे पत्र मात्र पाठवत नाही. पासवर्ड विचारायला तरी फोन करशील.

तुझी,
अजून धुसफुसणारी आई