तुमचा हात कधी थरथरायला लागला, अण्णा?

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली. इतक्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितेय, तेही काहीतरी विचारायला. कामापुरती आठवण काढते म्हणाल. म्हणा! पण हे सांगू शकेल असं दुसरं माणूस उरलेलं नाही.

परवा सकाळी माझी चाचणी आहे. इथं मुंबईत, वाद्यवृंदात चेलोच्या कायमच्या जागेसाठी. आजवर कुणी आजारी पडलं की मला बोलावणं यायचं. आता खुर्ची माझी स्वतःची होईल.

आणि महिनाभरापासून माझा उजवा हात थरथरतोय. जोरात वाजवताना नाही. संथ, लांब सूर ओढताना गज टोकाला आला की मनगटात बारीक कंप सुटतो आणि सूर फाटतो. आधी वाटलं, चाचणीची भीती असेल. पण काल नुसती चहाची बशी उचलली, तर चहा साडीवर सांडला. तुमचा असाच सांडायचा.

मी फार भ्यालेय, अण्णा. तिशीसुद्धा आली नाही अजून. तुमचा कंप कधी सुरू झाला? एकदम वाढला की हळूहळू? सकाळी जास्त असायचा का?

आठवतं, परभणीला शाळेसाठी आत्याकडं ठेवलंत आणि मी तिच्या शेजारच्या सरांकडं चेलो शिकायला लागले? सर गोव्याचे, मुंबईत सिनेमांसाठी वाजवलेले. बायको सरकारी दवाखान्यात नर्स, म्हणून परभणीत येऊन राहिलेले. गावात, आपल्या झरीत, सगळे हसले. व्हायोलिनच्या जातीचं, पण माणसाएवढं वाद्य, गुडघ्यांत धरून वाजवायचं, तेही पोरीनं! तुम्ही हसला नाहीत. सरांना एवढंच विचारलंत, "पोरीचा हात कसा हाय?"

"एकदम स्थिर," सर म्हणाले.

तुम्ही पुन्हा विचारलंत, "थरथरत न्हाई ना?" मला वाटलं, लेकीचं कौतुक दोनदा ऐकायचंय.

मग मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलं तो पावसाळा. एसटी बंद. तुम्ही बैलगाडी जुंपून मला न्यायला आलात. सराव मोडू नये म्हणून सरांनी चेलो त्याच्या पेटीत घालून बरोबर दिला. झरीच्या अलीकडं काठ्या घेतलेल्या दहा-बारा जणांनी गाडी अडवली. कुठंतरी दलित वस्ती जळत होती, वास येत होता.

"पेटीत काय हाय? वस्तीतल्यांचं सामान दडवून न्यायलास का?"

तुम्ही पेटीची कडी काढायला गेलात, पण हात असा थडथडत होता की कडी सुटेना. एकजण हसला, "गडी भ्याला रे!"

तुम्ही म्हणालात, "व्हय, भ्यालो."

शेवटी कडी मी काढली. आत वाद्य बघून त्यांनी जाऊ दिलं.

घर आलं. उतरताना म्हणाले, "अण्णा, तुमी लय भेता." तेरा वर्षांची होते, पण बोलायचं ते बोलून गेले. तुम्ही बैल सोडत होता. "व्हय गं माय," म्हणालात आणि बैलांना पाण्यावर घेऊन गेलात.

त्यानंतर मी तुम्हाला एकाही कार्यक्रमाला बोलावलं नाही. लाज वाटायची मला. चार लोकांत चहा सांडणारा, घाबरट बाप! असाच विचार करायचे मी, अण्णा. लिहितानाही जीव जातोय.

आई सध्या माझ्याकडं आहे. काल सांडलेला चहा तिनंच पुसला. म्हणाली, "तुझ्या आज्याला बी हेच व्हतं. ह्येंनी मला शपथ घातली व्हती, पोरीला सांगू नको म्हणून. भिऊन वाजवायचं सोडंल म्हनले."

तेव्हापासून एकच गोष्ट डोळ्यांसमोर येतेय. त्या दिवशी गाडीतून आपलं रान दिसलं होतं. मृगात पेरलेली ज्वारी कुठं दाटीनं उगवलेली, कुठं हातभर जागा मोकळीच. पेरताना तिफणीवर तुमच्यासारखं सारखं बी सोडणारं गावात कुणी नव्हतं! म्हणजे त्या माणसांनी अडवायच्या महिना-दोन महिने आधीच तुमचा हात थरथरायला लागला होता. तरी तुम्ही 'भ्यालो' म्हणालात. लेक भित्रा म्हणाली, तेही मरेपर्यंत ऐकून घेतलंत.

का हो? मला सांगायचं तरी! रात्रंदिवस सराव केला मी, आणि तुम्हाला ठाऊक होतं की हा हात कदाचित उसना आहे. राग येतो. पण सांगितलं असतंत, तर मी त्याच वर्षी सोडलं असतं, हेही खरंच.

डॉक्टरकडं अजून गेलेली नाही. कंपवात हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकायची हिंमत होत नाही.

आता शब्द देते. परवा मी वाजवणार. वाजवून झालं की त्याच दुपारी आईला घेऊन डॉक्टरकडं जाणार, ते सांगतील ते सगळं ऐकणार. आणि चाचणीत गज थरथरला, परीक्षकांनी विचारलं, "घाबरलात का?" तर नुसतं हो म्हणून सुटका करून घेणार नाही. म्हणेन, भ्यालेय तर खरीच, पण हात त्यानं थरथरत नाही. तो माझ्या वडिलांवर गेलाय.

तुमची,
मंगल