वाऱ्यात टिकणारा लायटर

रविवार, संध्याकाळ

आज गिरगावात जाऊन ह्यांच्यासाठी लायटर घेतला. मला सिगार मुळीच आवडत नाही, तरी गेले. खालच्या मजल्यावरच्या दिनूभाऊजींबरोबर महिन्यातून एकदा गच्चीवर ओढायचे, ते ह्यांनी अचानक बंद केलं. मला वाटलं, शहाणपण आलं. परवा हे मुलाला फोनवर सांगत होते तेव्हा कळलं, हात थरथरतो, वाऱ्यात काडी पेटत नाही आणि मित्रासमोर लाज वाटते. मला का नाही सांगितलं?

दुकानदार भारीतले दाखवायला लागला. म्हटलं, "स्वस्त आणि टिकाऊ द्या. गॅस पुन्हा भरता यावा, अंगठ्याला जोर नको." त्याच्या टेबलफॅनसमोर तीन पेटवून बघितले. दोन विझले. तिसऱ्याची निळी ज्योत हललीसुद्धा नाही. तोच घेतला.

मघाशी गच्चीवर ह्यांच्या हातात दिला. हात थरथरत होताच, पण पहिल्याच दाबात पेटला. ह्यांनी विझवून पुन्हा पेटवून बघितला.

"तुला धुराचा त्रास होतो ना गं?"

"होतो. मी वारा येतो त्या बाजूला बसते."

मग ह्यांनीच दिनूभाऊजींना फोन लावला. "ये रे वर. आणि ऐक, हल्ली माझा हात थरथरतो. हसायचं नाही."