अल्फोन्समामाला हाक

प्रिय आईस,

मी बरी आहे. थंडी सुरू झाली, पण तू विणलेले हातमोजे हातात असतात. तुझा गुडघा कसा आहे? लाकडं शेजारच्यांकडून आणवून घे.

पाद्र्यांच्या जुन्या निवासी शाळेमागच्या माळावर आम्ही जमिनीखालचं दाखवणारं यंत्र ढकलत घरून ओढून आणलेल्या आणि इथेच मेलेल्या आपल्या पोरांच्या बिनखुणेच्या कबरी शोधतो. पहिल्या दिवशी मी थेट यंत्र सुरू केलं, तर आमच्यासोबत माळावर येणारी वस्तीतली फिलोमीन आजी कडाडली, “पोरांच्या अंगणात शिरतेस आणि कुणाची कोण ते सांगत नाहीस?” आता रोज आधी आपल्या रीतीप्रमाणे जमिनीला चिमूटभर तंबाखू वाहते आणि आपल्या क्री भाषेत माझं आणि तुझं नाव सांगते. आजी म्हणते, “तुझी मोडकी क्री ऐकून पोरं हसत असतील. हसू दे, इथे त्यांना हसायला कधी मिळालं?”

काल तिने विचारलं, तुमच्या घरचं कोणी इथे आहे का? शाळेतून परत न आलेल्या अल्फोन्समामाचं नाव मी सांगितलं.

“ते शाळेने ठेवलेलं नाव,” ती म्हणाली. “त्या नावाने हाक मारलीस तर पाद्री आला समजून लपेल तो.”

शाळेबद्दल तुला काही विचारायचं नाही हे मी कबूल केलंय, ते पाळते. एवढंच कळव, तू त्याला घरी काय म्हणायचीस?

तुझीच,
व्हर्ना